डावं मडगार्ड

गल्लीत तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली लग्न करून परगावी गेली त्याला पंधरा वर्षं झाली, धाकटीच्या कानशिलांवर पांढरे केस डोकावायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. वडील बाइंडर आणि तीही बाइंडर. खाली दुकान, वर घर, मागे पत्र्याची शेड. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या नोंदवह्या बांधून बांधून तिची बोटं सरसाने पिवळी पडली होती. स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी काय होतं, तर एक चांगली कात्री आणि शेडमधली गाडी. गाडी खरं तर बाबांची. पण ज्या वस्तूकडे मालक अकरा वर्षं ढुंकून बघत नाही ती आपली, असा सोयीचा कायदा तिने मनातल्या मनात करून टाकला होता.

छोटीशी निळी गाडी, मागचं दार वर उघडणारी. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी ती शेडमध्ये घातली, वर ताडपत्री टाकली, दोरीने बांधली आणि विषय संपवला. गाडी दुरुस्त करू या म्हणून धाकटी दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. दर वेळी एकच उत्तर, "इंजिन गेलंय तिचं. तिच्यात काही राम नाही." शब्द तेच, सूरही तोच, पाठ केलेल्या धड्यासारखा. मग थंडीत बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. त्यांचं जग वरच्या खोलीएवढं झालं. खाट, खिडकी आणि वह्यांचे छापील कागद दुमडायचं टेबल. शेड खिडकीतून दिसत नव्हती, पण तिथलं ऐकू मात्र सगळं यायचं.

बाबा आता खाली येत नाहीत म्हटल्यावर धाकटीने गाडी स्वतःच करायला घेतली. पहिल्या दिवशी तिने दोऱ्या कापून ताडपत्री ओढली तेव्हा वाळलेल्या ताडपत्रीचा मोठा आवाज झाला. वर टेबलावर कागद दुमडण्याची सरसर चालली होती, ती थांबली. दुपारी ती जेवण घेऊन गेली तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. रागावतील म्हणून तिने चार उत्तरं तयार ठेवली होती, त्यांतलं एकही लागलं नाही. ताट तसंच परत आलं. तिला वाटलं, रुसलेत. म्हातारं माणूस आणि मूल सारखंच, दोन दिवसांत येतील ताळ्यावर.

गाडीला हात लावायचा अवकाश, गल्लीतला एकेक जण जन्मजात इंजिनियर निघाला. शिंप्याने इंजिनात आधी गरम पाणी ओतायला सांगितलं. भंगारवाला म्हणाला, "उगाच दमू नकोस, शेवटी माझ्याकडेच यायचीय ती." समोरच्या न्हाव्याने चाकं मोजली आणि "चारही आहेत, म्हणजे निम्मं काम झालं," असा निर्वाळा दिला. धाकटीला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बॉनेट उघडायची कळ सापडायला तिला अर्धा तास लागला, आणि उघडल्यावर आत उंदरांनी केलेलं घर बघून तिने ते लगेच बंद केलं.

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीकाकांचं गॅरेज होतं. ती चाकाचा पाना मागायला गेली तेव्हा ते चहा पीत होते.

"कुठल्या गाडीला?"

"आमच्याच. शेडमधली काढलीय मी."

काकांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. "पाना कशाला, मीच येतो," ते म्हणाले. "दर रविवारी येईन. शिकवतो तुला."

इतक्या पटकन मदत मिळाली याचा तिला आनंद झाला. या माणसाने अकरा वर्षांत आपणहून कुणाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मिस्त्रीकाकांचं एक वेड गल्लीला माहीत होतं. गॅरेजात कुठलीही गाडी आली, मग ती नुसती हवा भरायला का येईना, काका आधी तिच्या पुढच्या डाव्या मडगार्डवरून हात फिरवत. बोटांनी दाबत, उलट्या बोटाने टिचकी मारून ऐकत, आणि मगच "काय झालंय?" विचारत. लोक हसत नसत, कारण त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला काकू कामावरून चालत येत होत्या, रस्त्याच्या डाव्या कडेने. पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथे त्यांना कुणीतरी उडवलं. एक छोटी गाडी वळणावरून जाताना एका म्हातारीने दुरून पाहिली, एवढंच. गाडी निघून गेली. काकू अर्धा-पाऊण तास तिथे पडून होत्या. वेळेवर आणल्या असत्या तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्य मिस्त्रीकाकांना न सांगते तर बरं झालं असतं. पोलिसांनी चार दिवस गॅरेजं पालथी घातली, पाचव्या दिवशी कागद बंद केला. काकांनी मात्र शोध सोडला नाही. पोचा बुजवता येतो, पण बुजवलेला हाताला लागतो, असं त्यांचं म्हणणं. एक ना एक दिवस ती गाडी माझ्या हाताखालून जाईल.

पहिल्या रविवारी ते शेडमध्ये आले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. धाकटीने मनाशी म्हटलं, आता फिरवतील हात. काका डाव्या मडगार्डपाशी थांबले, हात पुढे केला, आणि खिशात घातला.

"मागून सुरुवात करू," ते म्हणाले. "डिकी, मग दारं, मग इंजिन. हे डावं मडगार्ड सगळ्यात शेवटी. आणि त्याला मी असताना हात लावायचा. एकटीने नाही, कळलं?"

"का हो काका?"

"मी सांगतो म्हणून."

काम अंगावर घेतलं की मग ते माणसाला खातं. धाकटीने पहिल्याच आठवड्यात दोन बोल्टांची डोकी गोल करून ठेवली, ब्रेकच्या ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून हाणताना स्वतःचा अंगठा हाणला, आणि सुट्या केलेल्या सामानाची कागदी पाकिटं करून त्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. नावं माहीत नसलेल्या वस्तूंच्या पाकिटांवर 'वाकडं', 'दुसरं वाकडं' असं लिहिलं. काका ते वाचून पहिल्यांदा हसले. गंज कुठे खरवडायचा आणि कुठे थांबायचं, पोचा आतल्या बाजूने लाकडी हातोडीने हळूहळू कसा उठवायचा, पुट्टीचे थर पातळ का हवेत, पाणी मारून पॉलिश पेपर कसा फिरवायचा, सगळं त्यांनी तिला मागच्या दारावर शिकवलं. तिचा हात मुळातच कसबी. बाइंडिंगची हाडाची पट्टी पुट्टी ओढायला पत्र्याच्या पट्टीपेक्षा बरी, हे तिचं तिनेच शोधून काढलं.

"तुझ्या बापाचा हात आलाय तुझ्यात," काका एकदा म्हणाले. त्या बोलण्यात कौतुक होतं, पण नुसतं कौतुक नव्हतं. तिने वर पाहिलं तर ते तिच्याकडे नाही, जिन्याकडे बघत होते.

चौथ्या रविवारी इंजिनाची पाळी आली. उंदरांचं घर काढलं, टाकीतलं विटलेलं पेट्रोल उपसलं, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, काकांनी गॅरेजातली बॅटरी आणून जोडली. "फिरव किल्ली." पहिल्यांदा नुसतं कुंथणं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली. धाकटी आनंदाने ओरडलीच. आवाज हळूहळू एकसारखा झाला, आणि तो इतका स्वच्छ होता की तिलासुद्धा कळलं.

काकांनी फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"इंजिनाला काही झालेलंच नव्हतं," ते म्हणाले.

"पण बाबा तर म्हणायचे..."

"तेच तर."

ते लगेच निघून गेले. धाकटी चालू गाडीत बसून राहिली, आणि तिचा आनंद कुठे गेला ते तिला कळेना. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकलं. ज्या माणसाने आई गेल्यावर दोन पोरींच्या वेण्या स्वतःच्या हाताने घातल्या, रोज सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आत, त्याच्याविषयी वाकडं मनात आणायची तिला लाज वाटली.

बाबा आता जेवत होते, पण खाली पडलेला पानाही त्यांना ऐकू येई. गाडी कशी झाली, रंग कुठला, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते एवढंच विचारत, "कुठपर्यंत आलं?" दारं झाली, ती सांगे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "कुठपर्यंत आलं?" बॉनेट झालं, बाबा. उजवी बाजू झाली. एका संध्याकाळी ते म्हणाले, "डावी बाजू चांगलीय तिची. तिला नको खरवडू. नुसतं पॉलिश मार." कधी नव्हे तो त्यांचा आवाज गोड होता.

गुरुवारी दुपारी ती गाडी धूत होती. ओल्या फडक्याचा हात डाव्या मडगार्डवर आला आणि सहज, काकांची नक्कल करावी तशी, तिने टिचकी मारली. पत्रा ठण वाजतो. हा ठप वाजला. एकदा हेडलाइटच्या मागे, एकदा चाकाच्या वर. ठप, ठप. आवाज तिच्या ओळखीचा होता. जाड पुठ्ठ्यावर कापड चढवून सरस वाळला की असाच वाजतो. दिवसभर ती तेच तर वाजवत असते.

काकांनी एकटीने हात लावू नको म्हटलं होतं. तिने पॉलिश पेपर घेतला.

निळा रंग गेला. खाली पुट्टी लागली, तीही गेली. पुट्टीखाली जाळीचं कापड होतं. नोंदवहीच्या पाठीला लावतात ते, विरळ विणीचं, सरसाने घट्ट बसलेलं. त्याची कड आत दुमडून कोपरा तिरका कापलेला होता, एका बाजूला थोडा जास्त. जगात हजार बाइंडर असतील, पण कोपरा असा कापणारे दोनच. एकाने दुसरीला शिकवलं होतं. तिने हाडाची पट्टी घालून कापड उचललं. खाली कागद होता. कागदाचे थर, एकावर एक, सरसात भिजवून खळग्यात बसवलेले. कुठलाही गॅरेजवाला असं काम करणार नाही. पत्र्याचं दुखणं कागदाने बरं करायचं हे फक्त बाइंडरच्याच डोक्यात येईल, आणि रद्दी कधी टाकायची नाही, वहीच्या पाठीत घालायची, हेही.

कागदावर छापील रकाने होते. ते तिने ओळखले. सूतगिरणीची हजेरीपत्रकं. छपाईत रकाने तिरके पडले म्हणून दोनशे कागद वाया गेले होते आणि तिनेच ते कोपऱ्यात रचून ठेवले होते. ती ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली, कारण काकूंना स्मशानात पोचवायला गेले त्या दिवशी दुकान बंद होतं. पत्रकाच्या डोक्यावर महिना होता आणि साल होतं. खाली पत्र्यात खळगा होता, चांगला दोन ओंजळी मावतील एवढा.

धाकटी किती वेळ तिथे उकिडवी बसली होती कुणास ठाऊक. पाय बधिर झाले तेव्हा उठली. जिना चढताना तो कागद तिच्या हातात होता. बाबांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली कागद दुमडायची पट्टी टेबलावर अगदी सरळ ठेवली.

"अंधारून आलं होतं," ते म्हणाले. "ती कडेने चालत होती. मी वळलो आणि ती तिथेच होती."

"थांबलात?"

"थांबलो. थांबलो होतो मी, धाकटे. आरशात पाहिलं. हलत नव्हती."

"उतरलात का?"

बाबांनी पट्टी उचलली आणि पुन्हा सरळ ठेवली.

"हलत नव्हती, पण जिवंत होती बाबा. पाऊण तास जिवंत होती. आणि दवाखाना तिथून पाच मिनिटांवर."

"ते मला नंतर कळलं."

"नंतर आठ दिवस तुम्ही रोज काकांकडे जाऊन बसत होतात. मी डबा घेऊन यायचे तुमच्या दोघांचा."

"मग काय करायला हवं होतं? नसतो गेलो तर लोक म्हणाले असते, हा का नाही आला." म्हाताऱ्याचं बोलणं सुसूत्र होतं. अकरा वर्षं ते त्याने मनाशी घोटलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. आता उघडून कुणाचं भलं होणार? ती यायची आहे का परत? मी किती दिवसांचा सोबती? मिस्त्री रविवारी येईल. त्याच्या आत बुजव."

"मी?"

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगलाय."

ती खाली आली आणि शेडचं दार ओढून घेतलं. शुक्रवारी सकाळपर्यंत तिने ठरवलं होतं की काकांना सांगायचं. गॅरेजाच्या दिशेने ती निघालीही. काका एका गाडीसमोर उभे होते आणि डाव्या मडगार्डवरून हात फिरवत होते. ती तशीच मागे वळली. पोलीस जिना चढून येतील, मोडक्या खुब्याच्या म्हाताऱ्याला खुर्चीतून खाली नेतील, गल्ली बघेल. तिला त्या वेण्या आठवत होत्या. बाबांना पेड नीट बसवता येत नसत, तर ते दातांत रिबन धरून पुन्हा सोडून पुन्हा घालत.

मग तिने ते काम केलं, आणि ते तिने अर्धवट केलं नाही. सगळं कापड, सगळे कागद काढून शेगडीत जाळले. चाक उतरवून आतल्या बाजूने लाकडी हातोडीने खळगा उठवला, मधून कडेकडे नाही तर कडेकडून मध्याकडे, काकांनी सांगितला होता त्याच क्रमाने. पुट्टीचे तीन पातळ थर. मध्ये वाळू दिले. पाणी मारून पेपर. प्रायमर. रंग. आतून काळा लेप, जो तिने बाकीच्या तिन्ही चाकांच्या वर आधीच मारला होता. शनिवारी दुपारी तिने टिचकी मारली. ठण. डोळे मिटून हात फिरवला आणि कुठे काही लागलं नाही. त्या क्षणी तिला बरं वाटलं. काम चांगलं झालं की वाटतं तसंच बरं वाटलं, आणि मग स्वतःची इतकी किळस आली की ती हात धूत राहिली.

रविवारी काका नेहमीपेक्षा लवकर आले. दाढी केली होती, धुतलेला शर्ट होता. शेडच्या दारातच त्यांना रंगवलेलं मडगार्ड दिसलं.

"मी थांब म्हटलं होतं."

"राहवलं नाही, काका."

ते पुढे झाले. या वेळी हात खिशात गेला नाही. मडगार्डच्या टोकापासून दारापर्यंत हळूहळू तो फिरला, परत मागे आला. टिचकी वाजली. ते वाकून चाकाच्या आत बघून आले. मग सरळ उभे राहिले आणि तिच्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "रंगाखाली काय निघालं?"

"गंज," धाकटी म्हणाली. "थोडासाच होता."

"बाकी काही नाही?"

"नाही."

काका खोक्यावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा तिला आधी वाटलं खोकला आलाय. म्हातारा रडत होता.

"मी तुला शिकवायला आलो नव्हतो गं," ते म्हणाले. "गल्लीतल्या, गावातल्या सगळ्या गाड्या पाहून झाल्या. एक राहिली होती. तुझी काकू गेली, त्याच आठवड्यात तुझ्या बापाने गाडी आत घातली. मी विचारलं, तर म्हणाला इंजिन गेलं. आठ दिवस माझ्या शेजारी बसला होता तो, आणि मी त्याच्या हातांकडे बघायचो. अकरा वर्षं नमस्कार करतोय त्याला आणि हातांकडे बघतोय. ताडपत्री उचलून बघायची हिंमत नव्हती. समोर गाडी आली तरी हात पुढे होईना. निघालं तर काय करू, हीच भीती."

"काका..."

"थांब, बोलू दे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, गंज होता म्हणून, तर मी आत्ता इथे रंग खरवडला असता. तू सांगितलंस. तू डबा आणायचीस तेव्हा." त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि उठले. "एका सज्जन माणसावर अकरा वर्षं संशय घेतला. त्याला सांगितल्याशिवाय मला घास जायचा नाही."

ते जिन्याकडे निघाले. धाकटीला हाक मारता आली असती. बारा पायऱ्या होत्या आणि काकांचे गुडघे दुखत, म्हणजे वेळ पुष्कळ होता. ती नुसती त्यांच्या मागोमाग चढत गेली.

बाबा खाटेवर बसले होते. शेडमधली टिचकी त्यांनी ऐकली असावी, कारण चेहरा शांत होता. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. "माझं मन काळं झालं होतं," असं म्हणाले. "मला माफ करा."

धाकटी दारात होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, फार थोडा वेळ. तिला वाटलं, आता बोलतील. काका माफी मागतायत, आता तरी बोलतील. बाबांनी मोकळा हात उचलून काकांच्या खांद्यावर ठेवला.

"असू द्या हो," ते म्हणाले. "दुःखात माणसाच्या मनात काहीही येतं. मी कधीच मनावर घेतलं नाही." आणि मग तिला, "धाकटे, चहा टाक."

तोपर्यंत तिला वाटत होतं की हे आपल्याला जन्मभर पोटात ठेवता येईल. त्या 'असू द्या'ने ते संपलं.

"काका, गंज नव्हता," ती म्हणाली. "पोचा होता. बाबांनी वहीच्या कापडाने बुजवला होता. त्याखाली गिरणीचे कागद होते, काकू गेल्या त्या महिन्याचे. मी जाळले ते."

बाबांचा हात काकांच्या खांद्यावर तसाच होता. तो तिथून काढायलाही त्यांना सुचलं नाही. काकांनी तो हळूच उचलला आणि चादरीवर ठेवला. बाबांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, ना तेव्हा ना नंतर. ते वळले ते धाकटीकडे.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आणि रंग कधी मारलास?"

"काल."

"पोचा आतून उठवलास?"

"हो."

"लाकडी हातोडीने?"

"हो. कडेकडून. तुम्ही दाखवलं होतं तसं."

काकांनी आपला उजवा हात वर केला, तळवा बघितला, बोटं एकदा मिटून उघडली.

"चांगला उठवलास," ते म्हणाले. "मला लागलाच नाही." आणि भिंतीला धरून ते तिथेच खाली बसले.